एक तोंड, अनेक हात



आम्ही डॉक्टर नव्हे. मजूर संघटनेचे कार्यकर्ते. जे थोडे कळते ते वाचून. तरी आज दातांवर बोलणार आहोत, कारण या प्रश्नात मजुराचा रोज अडकलेला आहे.

वेडेवाकडे दात तारेने सरळ होतात, हे आपण जाणता. तार दाताला ज्या बाजूस ढकलते तिकडचे हाड झिजते आणि मागे नवे हाड भरते; असा दात सरकतो. पण हिरड्या सुजलेल्या, पू धरलेल्या असतील तर हाड नुसतेच झिजते. म्हणून आधी हिरड्यांचा डॉक्टर, मग तारेचा. पडलेल्या दाताच्या जागेत शेजारचे दात कलतात. तेथे तारेच्या डॉक्टराने जागा मोकळी करावी, नंतर दुसऱ्याने कृत्रिम दात बसवावा. भिंत उभी झाल्यावर चौकटीचे माप घेणारा गवंडी आपण कामावर ठेवू काय?

खरी कसोटी दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या मुलाची. ओठ पहिल्या काही महिन्यांत, टाळू साधारणपणे दीड वर्षाच्या आत शिवतात. मग बोलण्याचे शिक्षण. पुढे 8 ते 11 वर्षांच्या सुमारास, सुळा येण्यापूर्वी, तारेचा डॉक्टर वरचा जबडा रुंद करतो आणि शल्यवैद्य हिरडीच्या भेगेत बहुधा कमरेचे हाड भरतो. त्या हाडातून सुळा खाली उतरतो. एकाने दुसऱ्यास विचारले नाही तर ही वेळ हातची जाते.

शासकीय दंत महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरला, 1982 पासूनचे. येथून तेथवर जायचे म्हणजे हळद शिजवण्याच्या दिवसांत आईचा रोज बुडतो. चार डॉक्टरांनी चार तारखा दिल्या, तर चार खेपा आणि चार रोज. मग पोराचा उपचार अर्ध्यावर सुटतो आणि दोष आईच्या अज्ञानाला लागतो!

2013 साली पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात अंगणवाडी व शाळेतील मुलांची तपासणी होते आणि दुभंगलेले ओठ-टाळूही येतात. पथक गावात आले की मूल दाखवा. आणि रुग्णालयात गेल्यावर एक मागणी निर्धाराने करा : सर्व डॉक्टरांनी एकत्र बसून एकच योजना कागदावर लिहून द्यावी. आधी कोण, नंतर कोण, केव्हा. आणि शक्य त्या तपासण्या एकाच दिवशी.

एकजूट मजुरानेच करावी असे थोडेच आहे? ती डॉक्टरांतही हवी.