स्वमग्न मूल आणि कुटुंबाचा आधार



दोन-अडीच वर्षांचे मूल हाक मारली तरी वळून पाहत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवीत नाही, खेळण्यातील गाडीचे एकच चाक तासन्‌तास फिरवीत बसते. वडीलधारी मंडळी म्हणतात, "मुलगे उशिराच बोलतात." पुढे तपासणी होते, 'स्वमग्नता' हा शब्द कानी पडतो आणि त्याच रात्री घरात प्रश्न उभा राहतो : दोष कोणाचा? बोट बहुधा आईकडेच वळते.

हा अन्याय जगभर घडला. अमेरिकेतील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध करून या अवस्थेची ओळख करून दिली. पुढे मात्र त्यांच्याच लेखनातून पालकांच्या भावनिक थंडपणाला दोष देणारा विचार पसरला व असंख्य माता वर्षानुवर्षे अपराधी ठरल्या. बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः स्वमग्न मुलाचे पिता होते. त्यांनी १९६४ मध्ये ग्रंथ लिहून हे मत खोडून काढले. अखेर १९६९ मध्ये पालकांच्या सभेत खुद्द कॅनर यांनी पालकांना दोषमुक्त केले. स्वमग्नता ही मेंदूच्या विकासातील भिन्नता असून तीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आईच्या संगोपनाने वा लसीने ती होत नाही.

ही दोषमुक्ती बीड, माजलगाव, अंबाजोगाईच्या घराघरांत पोहोचली आहे काय? "मागच्या जन्मीचे काही असेल," हे वाक्य सांत्वनासाठी उच्चारले जाते. मातेच्या मनात ते शिक्षा होऊन उतरते. कर्मसिद्धांत आत्मपरीक्षणासाठी आहे. दुसऱ्याच्या दुःखाचा निवाडा करण्याचा अधिकार तो कोणास देत नाही.

अशा घरात पिता दुकानाच्या कामात मन गुंतवितो, माता मुलासह एकटी पडते. लग्नकार्याला जाणे थांबते, पती-पत्नींतील संभाषण औषधपाणी व खर्चापुरते उरते. म्हणून पित्याने दररोज ठरावीक वेळ मुलाची पूर्ण जबाबदारी घ्यावी व मातेस विश्रांती द्यावी. आजीने चित्रांचा तक्ता करून स्नान, भोजन, निद्रा यांचा क्रम मुलास दाखवावा. ठरलेल्या क्रमाने अशी मुले शांत राहतात. "तू मोठी आहेस, समजून घे," एवढेच बहिणीच्या वाट्यास येऊ नये. तिच्या अभ्यासाचे व हट्टाचेही कौतुक व्हावे.

स्वमग्नता नाहीशी करणारे औषध नाही. परंतु वाचा-उपचार, ऑक्युपेशनल थेरपी व विशेष शिक्षण लवकर मिळाल्यास मूल पुष्कळ शिकते. त्यासाठी छत्रपती संभाजीनगर वा पुण्यास खेपा घालाव्या लागल्यास एखाद्या काका-मामाने सोबत जावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत २०१३ पासून अंगणवाडी व शासकीय शाळांत तपासणी होते. तिचा लाभ घ्यावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढण्यात लाज बाळगू नये.

समाजाकडूनही थोडी अपेक्षा आहे. मंदिरातील घंटानादाने मूल कानांवर हात ठेवून ओरडले, तर माना वळवू नयेत. स्वामीवात्सल्याच्या दिवशी गर्दी होण्यापूर्वी त्या कुटुंबास पंगतीस बसवावे. निमंत्रण देताना "मुलालाही आणा" असे आवर्जून सांगावे.

अशा माता-पित्यांच्या मनात एक प्रश्न अखंड जागा असतो : "आमच्यानंतर याचे कोण?" १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमू शकते. परंतु कागदावर सही करणारा माणूस नात्यांतूनच पुढे यावा लागतो. तो काका, आत्येभाऊ किंवा शेजारी आजपासूनच त्या मुलाच्या ओळखीचा झाला, तर त्या माता-पित्यांना रात्री निवांत झोप लागेल.

जय जिनेंद्र!