ह्यूमन आणि ह्यूमेन

'ह्यूमन' आणि 'ह्यूमेन' हे इंग्रजी शब्द एकाच लॅटिन मुळाचे, अठराव्या शतकापर्यंत लेखनातही फारसे विलग नसलेले. पुढे मात्र पहिला मनुष्यमात्राचा वाचक राहिला आणि अंत्य अक्षरावर आघात घेणारा दुसरा दयार्द्र वृत्तीचा झाला. (आपली 'माणुसकी' एका प्रत्ययावर हे काम भागवते, हे विशेष!) शब्दांतला हा भेद कुष्ठरोग्यांना मिळालेल्या वागणुकीतही दिसतो: भारतातल्या १८९८च्या एका कायद्याने निर्धन कुष्ठरोग्यांना वॉरंटाशिवाय पकडण्याचा अखत्यार पोलिसांना दिला, तो ह्यूमन खरा, ह्यूमेन नव्हे, आणि तो कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडले. पनवेलजवळ नेरे येथे, कुष्ठरोग निवारण समितीच्या शांतिवनात, तापल्या भांड्याचा चटकाही न कळणाऱ्या बधिर बोटांना आसरा मिळाला, तो दुसऱ्या शब्दाच्या अर्थाने.