आधी लय, मग रेखीवपणा

व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. डोळ्यांवर पेटीसारखा जाड चष्मा चढवायचा. मान वळवावी तिकडे नवे जग दिसते. या चष्म्याला हेडसेट म्हणतात. इव्हान सदरलँड या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६८ साली असे यंत्र लोकांपुढे मांडले, तेव्हा ते छताला टांगावे लागे. आज ते मुलांच्या हातांत आले आहे आणि काही शिक्षकही ते वर्गात वापरू पाहत आहेत.

पण या नवलाईच्या वस्तूची एक गत वारंवार होते. चित्र जरा पुसट वाटते, म्हणून घरातला हौशी मुलगा सेटिंगमध्ये जाऊन रेझोल्यूशन वाढवतो. चित्र रेखीव होते खरे, पण खेळ अडखळू लागतो. दहा मिनिटांत डोके जड होते, मळमळते आणि चष्मा कपाटात जाऊन पडतो. मग सगळे म्हणतात, यंत्रच वाईट! वास्तविक यंत्राचा दोष थोडा असतो. त्याच्यावर लादलेले ओझे फार असते. हे ओझे बेताचे कसे करावे, तेवढेच आज सांगायचे आहे.

आधी मळमळ का होते ते पाहू. आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारे इंद्रिय आहे. मान वळली की ते मेंदूला तत्काळ कळवते. डोळ्यांनीही त्याच क्षणी तीच साक्ष द्यायला हवी. मान वळून गेली आणि समोरचे चित्र मागाहून सरकले, तर दोन साक्षीदारांच्या जबानीत फरक पडतो आणि मेंदू गोंधळतो. घाटात एसटीत बसून वाचणाऱ्याला मळमळते, त्याचे कारणही याच जातीचे.

म्हणून चष्म्यात चित्रे फार वेगाने बदलावी लागतात. सिनेमात सेकंदाला २४ चित्रे पुरतात. हेडसेटमध्ये ७२, ९० किंवा १२० लागतात. यालाच रिफ्रेश रेट म्हणतात. सेकंदाला ९० चित्रे म्हणजे एका चित्राला सेकंदाच्या हजाराव्या भागांतले, म्हणजे मिलिसेकंदांतले, ११ भाग मिळाले. तेवढ्यात संगणकाने दोन्ही डोळ्यांचे चित्र काढून पूर्ण केले पाहिजे.

आता समजा, त्याला ११ च्या जागी १२ लागले. तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय बिघडले? पण एसटी एका मिनिटाने चुकली तरी पुढच्या गाडीपर्यंत थांबावेच लागते. तसे ते चित्र पुढच्या खेपेला जाते. दरम्यान यंत्र जुनेच चित्र मानेच्या कलाप्रमाणे थोडे सरकवून वेळ मारून नेते. नेहमी असे होऊ लागले, की ९० ची ४५ खरी चित्रे उरतात. मग हलणाऱ्या वस्तूंच्या कडा थरथरतात, हात दुहेरी दिसतो.

आता ओझ्याचा हिशेब करू. मेटा कंपनीच्या २०२३ सालच्या क्वेस्ट ३ या हेडसेटमध्ये प्रत्येक डोळ्यासमोर २०६४ आडवे आणि २२०८ उभे ठिपके आहेत. दोन्ही डोळ्यांचे मिळून ९१ लाखांवर गेले. सेकंदाला ९० वेळा म्हणजे ८२ कोटींहून अधिक! १९२० बाय १०८० च्या साध्या पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे काढली, तर हाच आकडा साडेबारा कोटींच्या आत राहतो.

शिवाय भिंगाचीही एक करामत आहे. भिंगातून चित्र वाकडे दिसते, म्हणून संगणक ते आधीच उलट बाजूने वाकवतो. त्यात मधला भाग ताणला जातो. तो पुसट होऊ नये म्हणून पडद्यापेक्षा मोठे चित्र काढावे लागते. एचटीसी कंपनीच्या २०१६ सालच्या व्हाइव्हमध्ये पडदा डोळ्यागणिक १०८० बाय १२०० होता. पण शिफारस होती १५१२ बाय १६८० ची. म्हणजे ठिपके जवळजवळ दुप्पट.

मग करायचे काय? हेडसेट संगणकाला जोडून स्टीमव्हीआरमधून खेळत असाल, तर पुढील क्रम धरावा.

पहिले, रिफ्रेश रेट आधी ठरवा. संगणक साधारण असेल तर ७२ किंवा ९० वर समाधान मानावे. ७२ ला प्रत्येक चित्रासाठी जवळजवळ १४ मिलिसेकंद मिळतात, १२० ला आठच.

दुसरे, रेझोल्यूशन एकाच ठिकाणी बदला. हेडसेटच्या आज्ञावलीत एकदा आणि स्टीमव्हीआरमध्ये पुन्हा वाढवले, तर दोन्हींचा गुणाकार होतो. एक जागा मूळ ठेवा.

तिसरे, टक्क्यांचा अर्थ नीट समजून घ्या. स्टीमव्हीआरमधले टक्के एकूण ठिपक्यांचे असतात, बाजूचे नव्हेत. ५० टक्के केले म्हणजे लांबी-रुंदी निम्मी होत नाही. ती सुमारे ७१ टक्के राहते. तेव्हा आकडा उतरवताना घाबरू नये.

चौथे, खेळातल्या सर्वांत गर्दीच्या जागी जाऊन परीक्षा घ्या. रिकाम्या खोलीत सगळेच यंत्र पळते. चित्राला लागलेला वेळ दाखवणारा आलेख स्टीमव्हीआरमध्येच आहे. तो मर्यादेला टेकत असेल, तर दहा-दहा टक्क्यांनी खाली या. थोडी जागा शिल्लक राहील असे बघा; काठोकाठ भरलेली घागर चालताना हिंदकळणारच.

पाचवे, सावल्या आणि प्रतिबिंबे कमी करून पाहा. पुष्कळदा त्यानेच भागते आणि रेझोल्यूशनला हात लावावा लागत नाही.

आता एक खूण. रेझोल्यूशन एकदम निम्मे करून पाहा. वेळ घटला नाही, तर ग्राफिक्स कार्ड निर्दोष आहे. अडचण मुख्य प्रोसेसरची असेल, आणि तिथे रेझोल्यूशन कमी करून उपयोग नाही. बिनतारी जोडणी असेल तर वायफायही तपासा. संगणक राउटरला तारेने जोडावा आणि हेडसेट ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर ठेवावा.

शिक्षक मित्रांना एक विनंती. मूल लाजेने बोलत नाही. चक्कर येत असली तरी ‘बरं वाटतंय’ म्हणते. त्याला खुर्चीवर बसवा, पाच मिनिटांनी चष्मा काढायला लावा आणि निर्मात्याने सांगितलेली वयोमर्यादा पाळा. पहिल्याच वेळी ज्याला मळमळले, तो पुन्हा त्या वस्तूजवळ यायला कचरतो आणि एक शिकण्याचे दार त्याच्यापुरते बंद होते.

भजनात आवाज थोडा बसला तरी चालते, पण टाळ चुकला की सगळी मंडळी विसकटते. इथेही आधी लय साधा. ती पक्की झाल्यावर जेवढा रेखीवपणा परवडेल तेवढा वाढवा. आणि चित्र अडखळू लागले, की तेथून एक पाऊल मागे या.