एचआयव्हीसह जगणाऱ्यांचे हृदय आणि वेळेत तपासणी

एचआयव्हीचा संसर्ग असलेल्या माणसाला हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका त्याच वयाच्या इतरांपेक्षा दीडपट ते दुप्पट असतो. औषधांनी विषाणू पूर्ण दबला तरी हा जादा धोका पुरता जात नाही. भारतात ही विषाणूरोधक औषधे, म्हणजे एआरटी, १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली. ती देणाऱ्या पहिल्या आठ रुग्णालयांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. त्या काळी तिशीत गोळ्या सुरू केलेली माणसे आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. क्षय आणि मेंदूज्वरातून जी वाचली, त्यांच्यापुढे आता रक्तदाब, साखर आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार उभा आहे. त्यात भर अशी, की दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका मुळातच लवकर येतो. ५२ देशांतील ‘इंटरहार्ट’ अभ्यासात त्यांचे त्या वेळचे मध्यम वय ५३ होते. इतर देशांत ते जवळपास सहा वर्षांनी जास्त होते.

या जादा धोक्याचे एक मूळ आतड्यात आहे. संसर्गाच्या सुरुवातीलाच विषाणू आतड्याच्या अस्तरातील सीडी४ या प्रतिकारक पेशींचा मोठा हिस्सा नष्ट करतो. अस्तर कमकुवत झाले की जिवाणूंचे अंश रक्तात झिरपत राहतात आणि प्रतिकारयंत्रणा कायम चेतलेली राहते. चेतलेल्या पांढऱ्या पेशी रोहिणीच्या भिंतीत शिरून चरबी गिळतात आणि तिथेच साचतात. त्यातून प्लाक तयार होतो. दुष्परिणाम टाळण्यासाठी एआरटी मध्येमध्ये थांबवून पाहणारा ‘स्मार्ट’ हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. गोळ्या थांबवणाऱ्यांत हृदयाच्या घटना कमी होण्याऐवजी वाढल्याच. औषधेही सर्वस्वी निर्दोष नाहीत. लोपिनाविरसारख्या जुन्या गोळ्या रक्तातील चरबी वाढवतात, अबॅकाविरचा संबंध झटक्याशी जोडला गेला आहे आणि डोल्युटेग्राविरवर अनेकांचे वजन वाढते. तरीही हृदयाच्या भीतीने एआरटी सोडणे हा सर्वांत घातक निर्णय ठरतो.

सुरुवातीचा आजार शोधायचा कसा, हा खरा अवघड प्रश्न आहे. ईसीजी सामान्य आला की रुग्ण निश्चिंत होतो, पण प्लाक वाढत असताना ईसीजी वर्षानुवर्षे सामान्य राहू शकतो. ट्रेडमिल चाचणीसुद्धा रक्तवाहिनी बरीच अरुंद झाल्यावरच बोलते. अमेरिकेत एचआयव्ही असलेल्या ७५५ जणांच्या हृदयाचा सीटी स्कॅन करण्यात आला. प्रचलित गणनेनुसार या सर्वांचा धोका कमी ते मध्यम होता, छातीत दुखण्याची तक्रार नव्हती. तरी ४९ टक्के लोकांत प्लाक सापडला. निम्मी किंवा त्याहून अधिक अरुंद झालेली वाहिनी मात्र जेमतेम ३ टक्क्यांत होती. वाहिनीच्या भिंतीत साचलेल्या कॅल्शियमचा अंश ३५ टक्क्यांतच आढळला. म्हणजे नुसत्या कॅल्शियम स्कोअरवर विसंबले असते, तर मऊ प्लाक असलेले अनेक जण निसटले असते.

म्हणून प्रत्येकाचा सीटी स्कॅन करावा, असा निष्कर्ष काढणे चूक होईल. त्याचा खर्च, किरणोत्सार आणि टेनोफोविर ही एआरटीतील गोळी घेणाऱ्याच्या मूत्रपिंडावर पडणारा, स्कॅनसाठी टोचल्या जाणाऱ्या डायचा भार लक्षात घ्यावा लागतो. शिवाय २०२३ मध्ये ‘रिप्रीव्ह’ चाचणीने याहून सोपी वाट दाखवली. भारतासह १२ देशांतील ४० ते ७५ वयाचे ७,७६९ जण तिच्यात होते. त्यांचे एलडीएल कोलेस्टेरॉल फारसे वाढलेले नव्हते. मध्यम आकडा १०८ होता. रोज ४ मिलिग्रॅम पिटाव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन घेणाऱ्यांत झटका, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. मधुमेहाचे नवे रुग्ण आणि स्नायूदुखी काहीशी वाढली. म्हणजे औषधाचा निर्णय घ्यायला प्लाकचे चित्र हाती असलेच पाहिजे असे नाही. माणसाचा धोका नीट मोजला तर पुष्कळ भागते.

ही मोजणी एआरटी केंद्रातच व्हायला हवी. तिथे खोकला, ताप, रात्रीचा घाम आणि वजन घटणे हे क्षयाचे चार प्रश्न दर भेटीत विचारले जातात. त्यांच्याच शेजारी रक्तदाबाची नोंद बसली पाहिजे. रांगेतून धावत आलेल्या माणसाला उभ्याउभ्या पट्टा बांधून घेतलेला आकडा निरुपयोगी असतो. त्याला पाच मिनिटे टेकून बसवावे, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीत, अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू झालेली नसावी, आणि दोनदा मोजावे. तंबाखूचा प्रश्नही ‘सिगारेट ओढता का’ इथे थांबू नये. बिडी, गुटखा, चुना-तंबाखूची चिमूट आणि मिश्री यांची नावे घेऊन विचारावे. मिश्री लावणाऱ्या अनेक बायका तिला तंबाखू समजतच नाहीत. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला असेल, तर वजनाच्या आकड्यावर समाधान मानू नये. वर्षातून एकदा लिपिड आणि उपाशीपोटी साखर तपासावी. एचबीए१सी या रुग्णांत प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवू शकते, म्हणून तिच्यावर एकटीवर भिस्त ठेवू नये.

धोका मोजणारे तक्ते वय, रक्तदाब, धूम्रपान विचारतात. सीडी४ किती खाली गेला होता, उपचार किती उशिरा सुरू झाले, मध्ये किती काळ सुटले, हे विचारत नाहीत. त्यामुळे ते धोका अनेकदा कमी लेखतात. ही सगळी माहिती एआरटी केंद्राच्या नोंदीत असते, पण ती हृदयरोगतज्ज्ञाच्या टेबलावर क्वचितच पोहोचते. सध्याच्या अमेरिकी मार्गदर्शनानुसार ४० ते ७५ वयोगटात दहा वर्षांचा धोका ५ टक्के किंवा अधिक असल्यास स्टॅटिनची शिफारस आहे. धोका त्याहून कमी असला तरी स्टॅटिन देण्याकडेच कल आहे. चाळिशीच्या आत सरसकट स्टॅटिन देण्याइतका पुरावा नाही. तिथे तंबाखू, रक्तदाब आणि वजन यांवरच जोर द्यावा.

धाप लागण्याकडे विशेष लक्ष हवे. पूर्वी क्षय झालेल्या रुग्णाची धाप फुप्फुसाच्या खात्यावर टाकली जाते आणि हृदयाची कमजोरी मागे राहते. तिथे हृदयाच्या इको तपासणीला उशीर करू नये.

हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवताना संसर्ग सांगायचा की नाही, ही रुग्णाची जिव्हाळ्याची अडचण आहे. २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्याने आरोग्यसेवेतील भेदभावाला मनाई केली आहे आणि माहिती उघड करण्यासाठी संमतीची अट घालून दिली आहे. समजावून संमती घेण्यामागे वैद्यकीय कारणही तितकेच ठोस आहे. रिटोनाविर असलेल्या दुसऱ्या फळीच्या औषधांवर सिम्व्हास्टॅटिन देता येत नाही, अटोर्व्हास्टॅटिनची मात्रा कमी ठेवावी लागते, अँजिओप्लास्टीनंतर टिकाग्रेलोर टाळावे लागते आणि क्लोपिडोग्रेलचा परिणाम घटतो. डोल्युटेग्राविर चालू असेल तर मेटफॉर्मिन दिवसाला १,००० मिलिग्रॅमच्या वर नेऊ नये. एआरटीच्या गोळ्यांची संपूर्ण नावे लिहिलेले संदर्भपत्र, रुग्णाच्या संमतीने आणि बंद पाकिटात, त्याच्याच हाती द्यावे.