मॅटप्लॉटलिबची स्थापना आणि आलेखावरील मराठी अक्षरे



हजेरीपटावरील आकडे आलेखाच्या रूपाने वर्गाच्या भिंतीवर मांडण्याची प्रथा प्राथमिक शाळेस नवी नाही. चौकटीचा कागद, पट्टी आणि रंगीत पेन्सिली एवढ्या साहित्यावर ते काम आजवर होत आले. शाळेत संगणक आल्यावर तेच काम पायथॉन या संगणकभाषेकडून करवून घ्यावे, अशी इच्छा एखाद्या उत्साही शिक्षकास होणे स्वाभाविक आहे. त्यासाठी मॅटप्लॉटलिब नावाचा आलेखसंच विनामूल्य मिळतो. परंतु पहिल्याच दिवशी दोनचार अडचणी येतात, तांबड्या अक्षरांतील इंग्रजी सूचनांनी पडदा भरून जातो, आणि हे काम आपल्या आवाक्यातले नव्हे असे समजून शिक्षक संगणक बंद करतो. या अडचणींचे स्वरूप कळले तर तसे होण्याचे कारण उरणार नाही.

हा संच ज्यांनी रचला ते जॉन हंटर हे व्यवसायाने आलेखकार नव्हते. मेंदूच्या विद्युत्‌लहरींचा अभ्यास हा त्यांचा विषय. शिकागो येथे अपस्माराच्या रुग्णांच्या नोंदी तपासताना हाती असलेले साधन अपुरे पडू लागले, म्हणून त्यांनी स्वतःच नवे रचले आणि 2003 साली सर्वांना खुले केले. 2012 साली त्यांचे निधन झाले. संचाची जोपासना तेव्हापासून स्वयंसेवक मंडळी करीत आली आहेत. एका अभ्यासकाने आपल्या गरजेपोटी केलेले हे साधन आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे त्यातील काही उणिवांचा उलगडा आपोआप होतो.

प्रथम स्थापनेविषयी. सर्वांत अधिक वेळा आढळणारी तक्रार अशी की संच यथास्थित उतरवून घेतला, तरी कार्यक्रम चालविताच ‘नो मॉड्यूल नेम्ड मॅटप्लॉटलिब’ असे उत्तर येते. याचे कारण बहुधा एकच असते. एकाच संगणकावर दोन किंवा तीन पायथॉन नांदत असतात. संच एकात गेलेला असतो आणि कार्यक्रम दुसऱ्यात चालतो. एका वर्गाच्या कपाटात ठेवलेली पुस्तके दुसऱ्या वर्गाच्या कपाटात सापडावयाची नाहीत, तसाच हा प्रकार. यास्तव नुसते ‘पिप इन्स्टॉल’ न म्हणता ‘पायथॉन -एम पिप इन्स्टॉल मॅटप्लॉटलिब’ अशी आज्ञा द्यावी. (आज्ञा अर्थातच रोमन लिपीत टंकित करावयाची, येथे केवळ उच्चार दिला आहे.) मग ज्या पायथॉनला हाक मारली, त्याच्याच घरी संच जातो, आणि कार्यक्रमही त्याच नावाने चालवावा.

तरीही काम अडले, तर शिक्षकाने स्वतःच्या फाईलचे नाव पाहावे. हौसेने तिला ‘मॅटप्लॉटलिब डॉट पीवाय’ असे नाव दिलेले असेल, तर पायथॉन खऱ्या संचाऐवजी तीच फाईल उघडून बसतो. पुष्कळांचा सबंध दिवस या एका नावापायी वाया गेला आहे.

उबुंटू किंवा डेबियन या प्रणालींवर 2023 पासूनच्या आवृत्त्यांत पिपला मुळातच मज्जाव केलेला असतो, व ‘एक्सटर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्न्मेंट’ अशी सूचना येते. तेथे प्रणालीच्या भांडारातून ‘पायथॉन3-मॅटप्लॉटलिब’ हा गठ्ठा घ्यावा, म्हणजे प्रश्न मिटतो. गावात इंटरनेट बेभरवशाचे असेल तर तालुक्याच्या ठिकाणी ‘पिप डाऊनलोड’ या आज्ञेने सर्व गठ्ठे पेनड्राइव्हवर घेऊन शाळेत ‘नो इंडेक्स’ आणि ‘फाइंड लिंक्स’ या पर्यायांनी बसविता येतात. मात्र दोन्हीकडे प्रणाली आणि पायथॉनची आवृत्ती एकच असली पाहिजे. नाहीतर सारी खेप फुकट जाते. आणि सूचना कितीही लांबलचक असली तरी वाचावी ती शेवटची ओळ. वरच्या ओळी चूक कोणत्या वाटेने आली ते सांगतात, चूक कोणती हे तळाशी लिहिलेले असते.

आता जो भाग प्राथमिक शिक्षकाच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा, त्याकडे वळू. आलेख उमटतो, स्तंभ डौलाने उभे राहतात, आणि त्यांच्याखाली महिन्यांच्या नावांऐवजी रिकामे चौकोन दिसतात. संचाबरोबर येणारा ‘डेजाव्हू सॅन्स’ हा टंक देवनागरी जाणत नाही. ‘ग्लिफ 2357 मिसिंग’ अशी सूचना येते तिचा अर्थ एवढाच, की ‘व’ हे अक्षर या टंकात नाही. ‘नोटो सॅन्स देवनागरी’सारखा विनामूल्य टंक संगणकावर घालून ‘आरसीपॅराम्स’मध्ये ‘फॉन्ट डॉट फॅमिली’ला त्याचे नाव दिले की चौकोन जातात. नवा टंक घालूनही तो सापडत नसेल, तर संचाने साठवून ठेवलेली टंकांची जुनी यादी पुसावी लागते. ‘फॉन्टलिस्ट’ या नावाने आरंभ होणारी ती फाईल संचाच्या साठवणीच्या फोल्डरात असते.

येथे बहुतेकजण समाधान पावतात, आणि नेमका येथेच घोटाळा होतो. ‘जून’ ठीक दिसतो, ‘जुलै’ ठीक दिसतो. पुढे ‘ऑक्टोबर’मधील जोडाक्षर सुटून हलन्त ‘क्’ वेगळा पडतो, आणि ‘डिसेंबर’ची वेलांटी ‘ड’ला सोडून ‘स’च्या डोक्यावर जाऊन बसते. ‘विद्यार्थी’ हा शब्द तर ‘वदि’ असा सुरू होतो, आणि त्यातील रफार खाली उतरून हलन्त ‘र्’ होतो. संगणकाच्या साठवणीत पहिली वेलांटी अक्षरानंतर येते. ती अक्षराच्या आधी नेऊन दाखविणे, जोडाक्षर बांधणे, रफार वर चढविणे हे लिपीच्या जुळणीचे निराळे काम आहे. मॅटप्लॉटलिबच्या शाळाशाळांतून असलेल्या जुन्या आवृत्त्या ते करीत नाहीत. टंक बदलून हा दोष जात नाही, कारण दोष टंकाचा नव्हेच.

मोठ्या माणसाच्या अहवालात अशी अक्षरे आली तर तो मनातल्या मनात दुरुस्त करून वाचील. पण पहिली-दुसरीचे मूल त्याच महिन्यांत वेलांटी कोणत्या बाजूस द्यावयाची हे शिकत असते. फळ्यावर गुरुजींनी ‘वि’ एका रीतीने लिहावा आणि भिंतीवर छापील अक्षरात तो दुसऱ्या रीतीने दिसावा, तर मूल छापील अक्षरावर विश्वास ठेवते. असा तक्ता न लावलेला बरा.

उपाय आहे, आणि तो सोपा आहे. आलेख पीएनजीऐवजी एसव्हीजी या प्रकारात जतन करावा आणि तत्पूर्वी ‘एसव्हीजी डॉट फॉन्टटाइप’ला ‘नन’ हे मूल्य अवतरणचिन्हांत द्यावे. मग शब्द चित्र न होता शब्द म्हणूनच फाईलमध्ये राहतात. ती फाईल क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये उघडली की जुळणीचे काम ब्राउझर करतो, वेलांटी जागेवर येते, आणि तेथूनच कागदावर छपाई करता येते. अट इतकीच, की मराठी टंक त्या संगणकावरही असावा.

जतन करण्याची आज्ञा ‘शो’च्या आधी द्यावी. खिडकी मिटल्यावर ती दिली, तर कोरा कागद हाती येतो. शाळेतील छपाईयंत्र बहुधा काळ्या शाईचे असते, तेव्हा मुलगे आणि मुली यांचे स्तंभ केवळ रंगाने वेगळे न करता एकावर ‘हॅच’ वापरून तिरप्या रेघा घालाव्यात. स्तंभालेखाचा आरंभ शून्यापासून होतो, रेषालेखाचा होईलच असे नाही. हजेरी 38 वरून 36 वर आली असता कडा कोसळल्यासारखी रेघ दिसते, आणि ती पाहून पालक नाहक घाबरतात. तेथे ‘वायलिम’ने खालची मर्यादा शून्य करावी. आकडे देवनागरी हवे असल्यास ‘फंकफॉर्मॅटर’ने बदलता येतात, आकड्यांना वेलांटी नसल्याने ते बिघडत नाहीत.

एवढेही ज्यास जमणार नाही त्याने महिन्यांच्या जागा कोऱ्या सोडून आलेख छापावा, आणि नावे बोरूने, टपोऱ्या अक्षरांत, स्वतःच्या हाताने लिहावीत.