इलेक्टिव्ह निवडताना
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्या वेळी विषय निवडायचा म्हणजे संपूर्ण संस्कृत की संयुक्त, एवढाच प्रश्न होता आणि तोही 'गुण कशात जास्त पडतात' हे विचारून घरचेच सोडवायचे. आता आपल्यापैकी अनेकांची मुलं इंजिनिअरिंगला आहेत आणि ग्रुपवर मला सारखं विचारलं जातं, "अगं, इलेक्टिव्ह कोणता घ्यावा?" म्हणून आज त्याबद्दलच बोलते.

माझं म्हणणं एवढंच आहे: मुलांना पुढे एम.टेक. किंवा एमएस करायचं असेल, तर निवड शेवटाकडून सुरू करा. आधी पुढच्या कोर्सच्या प्रवेशाच्या अटी वाचा, मग कॉलेजची यादी उघडा.

माझ्या भाचीचं उदाहरण सांगते. ती ई अँड टीसीची, सीजीपीए साडेआठच्या वर. जर्मनीत कॉम्प्युटर सायन्सच्या मास्टर्ससाठी अर्ज केला आणि नकार आला. गुण कमी पडले नव्हते. तिथली अनेक विद्यापीठं नुसती टक्केवारी बघत नाहीत, विषयवार क्रेडिट मोजतात: गणित किती, अल्गोरिदम किती, थिअरी ऑफ कम्प्युटेशन किती. हा शेवटचा विषय तिच्या कॉलेजच्या यादीत होता, पण "पेपर अवघड जातो" असं सीनियर म्हणाले, म्हणून तिने तो घेतला नाही. पत्र आलं त्या रात्री घरात कुणी नीट जेवलं नाही. आता ती नोकरी करते आणि पुढच्या वर्षी कम्युनिकेशनसाठी अर्ज करणार आहे, कारण तिचे विषय तिथे जुळतात.

भारतात शिकायचं तर गेट. कॉम्प्युटर सायन्सच्या पेपरात १०० पैकी १५ गुण ॲप्टिट्यूडचे, साधारण १३ गणिताचे आणि उरलेले मूळ विषयांचे. त्यात थिअरी ऑफ कम्प्युटेशन आणि कंपायलर आहेत, मशिन लर्निंग नाही. ते २०२४पासून सुरू झालेल्या डेटा सायन्स अँड एआयच्या वेगळ्या पेपरात आहे, आणि तिथेही प्रोबॅबिलिटी आणि लिनिअर अल्जेब्रा चांगलं हवंच. यादीतल्या आकर्षक नावापेक्षा हा पाया आधी पक्का करा. इतकी वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावर सांगते, टूल्स दर चार वर्षांनी बदलली, हे गणित बदललं नाही.

अमेरिकेत एमएससाठी बहुतेक ठिकाणी तीन शिफारसपत्रं लागतात. सत्तर जणांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसलेल्या मुलाबद्दल प्राध्यापक काय लिहिणार? म्हणून एखादा इलेक्टिव्ह असा घ्यावा, की ज्यात मुलं थोडी आहेत, प्रोजेक्ट आहे आणि शिकवणाऱ्यांना आपलं काम दिसतं. आपल्या बाईंना आपलं अक्षरसुद्धा ओळखू यायचं, तशी ओळख तिथे व्हायला हवी.

हवा तो विषय कॉलेजात नसेल, तर 'स्वयम्'वर एनपीटीईएलचे बारा आठवड्यांचे कोर्स आहेत. नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत, परीक्षेला फी असते. यूजीसीच्या २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट असे घेता येतात. मात्र ते गुणपत्रिकेवर येणार का, हे आधी विभागप्रमुखांना विचारा. आणि प्रत्येक विषयाचा छापील अभ्यासक्रम जपून ठेवा. परदेशात तो मागतात आणि चार वर्षांनी कॉलेजात शोधायला गेलं की सापडत नाही.

ज्यांना पदवीनंतर थेट नोकरीच करायची आहे, त्यांनी आवडीचा विषय खुशाल घ्यावा. सगळ्यांनी पुढे शिकलंच पाहिजे असं मुळीच नाही. पण शिकायचं मनात असेल, तर हे तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवा. शेवटच्या सत्रात हातात फार काही उरत नाही.

कुणाच्या मुलाची विषयांची यादी मोबाइलवर असेल, तर जेवणानंतर माझ्याकडे या, एकत्र बसून बघू.