प्रश्नातला 'तो' कोण?

आज मी आपणापुढे जो विषय घेऊन आले आहे तो वरकरणी अगदी लहान वाटेल. इंग्रजी व्याकरणाच्या चाचणीत प्रश्न कसे काढावेत, आणि त्यातही सर्वनामे व कर्ते यांच्या बाबतीत कोणती दक्षता घ्यावी, एवढाच तो विषय. ज्यांच्या घरी शाळकरी मूल नाही ते कदाचित म्हणतील, 'यात आम्हांला काय?' परंतु प्रश्न काढणाऱ्याची चूक झाली तर गुण मात्र मुलाचे जातात, आणि त्या चुकीची दाद कोठे मागावी हे त्या मुलाला ठाऊक नसते. म्हणून या लहान विषयाला आपली पंधरा मिनिटे द्यावीत अशी माझी विनंती आहे.

प्रथम माझीच एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी सहामाही परीक्षेत मी आठवीच्या वर्गाला एक वाक्य घातले होते : 'राम टोल्ड शाम दॅट ही हॅड पास्ड.' हे वाक्य प्रत्यक्ष कथनात लिहा, असा प्रश्न होता. माझ्या मनातले उत्तर होते, 'राम सेड टु शाम, आय हॅव पास्ड.' पेपर तपासताना एका मुलीने 'आय' च्या जागी 'यू' लिहिलेले दिसले. मी तांबड्या शाईची फुली मारली आणि पुढच्या पेपराकडे वळले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती मुलगी पेपर घेऊन माझ्याकडे आली. अदबीने म्हणाली, "टीचर, वाक्यातला 'ही' म्हणजे राम की शाम, ते मला कळलं नाही. म्हणून मी शाम धरला." मी क्षणभर गोंधळले, पण शिक्षकाला 'मला ठाऊक नाही' म्हणणे जड जाते. मी म्हणाले, "अशा वेळी बोलणाराच धरायचा असतो." ती 'बरं, टीचर' म्हणून निघून गेली.

त्या रात्री मी घरातली व्याकरणाची पुस्तके उघडून बसले. बोलणाराच धरावा असा नियम मला एकाही पुस्तकात आढळला नाही. आढळणार कसा? तो नियम मी मधल्या सुट्टीत, माझ्या बचावासाठी, उभ्या उभ्या तयार केला होता. राम स्वतः पास झाला, हा अर्थ त्या वाक्यातून निघतो. शाम पास झाला आणि रामाने त्याला ती बातमी दिली, हाही अर्थ तितकाच सरळ निघतो. त्या मुलीचे उत्तर बरोबर होते. चुकला होता तो प्रश्न.

आता अशी चूक आपल्याकडील शिक्षकांच्या हातून वारंवार का होते, याचा थोडा विचार करू. माझ्या मते याचे एक कारण आपल्या मातृभाषेतच आहे. मराठीत अप्रत्यक्ष कथनाचा इंग्रजीसारखा सक्तीचा फेरफार नाही. आपण म्हणतो, 'राम शामला म्हणाला की मी पास झालो', किंवा 'राम शामला म्हणाला की तू पास झालास'. बोलणाऱ्याच्या तोंडचे 'मी' आणि 'तू' आपण जसेच्या तसे ठेवतो, आणि संदिग्धतेला जागाच राहत नाही. इंग्रजीत ते दोन्ही शब्द जाऊन त्यांच्या जागी एकच 'ही' येतो. आपण प्रश्न लिहितो इंग्रजीत, पण मनात अर्थ असतो मराठीतला. म्हणून आपल्याला तो स्पष्ट वाटतो. मुलापुढे मात्र फक्त इंग्रजी वाक्य असते.

दुसरे उदाहरण घ्या. 'राम गेव्ह हिज ब्रदर हिज बुक.' पुस्तक कोणाचे? मराठीत 'रामने भावाला आपले पुस्तक दिले' म्हटले की पुस्तक रामाचे, आणि 'त्याचे पुस्तक दिले' म्हटले की ते भावाचे किंवा दुसऱ्या कोणाचे, असे आपण सहज समजतो. 'आपले' आणि 'त्याचे' हा भेद इंग्रजीच्या 'हिज' मध्ये नाही. वाक्य चुकीचे नाही. परंतु त्याखाली 'पुस्तक कोणाचे होते?' असा दोन गुणांचा प्रश्न घालणे हा मात्र अन्याय आहे.

तिसरे उदाहरण निर्जीव वस्तूंचे. 'द जग फेल ऑन द प्लेट अँड इट ब्रोक.' फुटले काय, जग की बशी? जगाच्या ठिकाणी 'स्टोन' म्हणजे दगड घातला, तर मुले बशी फुटली असे म्हणतील. पण ते उत्तर त्यांना व्याकरणाने दिलेले नसते. दगड फुटत नाही, बशी फुटते, या व्यवहारज्ञानाने दिलेले असते. अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञ टेरी विनोग्राड यांनी १९७२ साली हाच मुद्दा एका वाक्याच्या द्वारे मांडला होता. नगरपालिकेने मोर्चेकऱ्यांना परवानगी नाकारली, आणि कारण देताना वाक्यात 'ते' हे सर्वनाम आले. कारण दंगलीची भीती हे असेल, तर 'ते' म्हणजे नगरपालिकेचे सभासद. कारण दंगलीची चिथावणी हे असेल, तर 'ते' म्हणजे मोर्चेकरी. वाक्याची रचना तीच, फक्त एक क्रियापद बदलले की सर्वनामाचा धनी बदलतो. पुढे अशाच वाक्यांच्या जोड्या यंत्राला भाषा कितपत समजते हे पाहण्यासाठी वापरण्यात आल्या. जे कोडे यंत्राची कसोटी म्हणून घातले गेले, ते तेरा वर्षांच्या मुलाला व्याकरणाच्या नावाखाली घालू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

सर्वनामांचे एवढे पुरे. आता कर्त्याकडे वळू.

मराठीत कर्ता गाळण्याची आपल्याला मोठी मोकळीक आहे. 'जेवलीस का?' एवढे म्हटले की विचारले जात आहे ती समोरची व्यक्ती आहे, एकटी आहे आणि स्त्री आहे, हे सर्व त्या एका क्रियापदात आले. आमच्या बेळगावात मुलांच्या कानावर कानडीही पडते, आणि तेथेही 'बंदे' म्हटले की 'मी आलो' हे निराळे सांगावे लागत नाही. इंग्रजीचे क्रियापद एवढे बोलके नाही. 'केम' म्हटल्यावर मी, तू, तो, ती, आम्ही, ते, कोणीही आलेले असू शकते. म्हणूनच इंग्रजीला कर्त्याची एवढी ओढ, की पाऊस पडतो असे सांगतानाही ती 'इट' हा नामधारी कर्ता पुढे उभा करते. मुले 'इज रेनिंग' असे लिहितात तेव्हा आपण त्यांना रागावतो. परंतु तीच मोकळीक प्रश्न काढताना आपणही घेतो, त्याचे काय?

याचा एक नमुना पाहा. 'वॉकिंग थ्रू द फील्ड, अ स्नेक वॉज सीन.' हे वाक्य सुधारा, असा प्रश्न पुष्कळदा घातला जातो. मराठीत 'शेतातून जाताना साप दिसला' हे निर्दोष वाक्य आहे. 'मला' हा शब्द अध्याहृत आहे, आणि साप शेतातून फिरावयास निघाला होता असे कोणालाही वाटत नाही. इंग्रजीत मात्र 'वॉकिंग' हा शब्द पुढच्या कर्त्याला जाऊन चिकटतो, आणि चालणारा साप ठरतो. दोष दाखवण्यास उदाहरण उत्तम आहे. पण सुधारायचे कसे? साप कोणी पाहिला? मीही पाहिला असेल, शेतकऱ्यानेही पाहिला असेल. वाक्यात कर्ता नाही, म्हणून मुलाने तो कल्पनेने आणावयाचा. एका मुलाने 'आय' आणला, दुसऱ्याने 'वी', तिसऱ्याने 'द फार्मर'. उत्तरसूचीत 'आय' एवढेच असेल, तर उरलेल्या दोघांनी काय अपराध केला?

कर्मणी प्रयोगाचे प्रश्न तसेच. 'द विंडो वॉज ब्रोकन लास्ट नाइट' याचा कर्तरी प्रयोग करा. खिडकी कोणी फोडली ते वाक्यात सांगितलेले नाही. कोणी 'समवन' लिहील, कोणी 'द थीफ', कोणी 'द विंड'. प्रयोग तिघांनीही बरोबर बदलला. गुण मात्र एकालाच. येथे उपाय किती सोपा आहे! वाक्याच्या शेवटी 'बाय द विंड' हे तीन शब्द जोडावेत, किंवा सूचनेत 'कर्ता म्हणून समवन वापरा' असे स्पष्ट लिहावे.

आणखी एक खड्डा 'यू' या शब्दाचा. 'यू मस्ट वॉश' असे लिहून पुढे रिकामी जागा ठेवली, आणि योग्य आत्मवाचक सर्वनाम भरा असे सांगितले. मुलाने 'युवरसेल्फ' भरावे की 'युवरसेल्व्ज'? मराठीत 'तू' आणि 'तुम्ही' वेगळे. इंग्रजीत एकच 'यू'. वाक्याच्या आरंभी 'चिल्ड्रन' असा एक शब्द घातला की प्रश्न निर्दोष होतो. त्याचप्रमाणे 'एव्हरी स्टुडंट मस्ट ब्रिंग' या वाक्यात पूर्वीची व्याकरणे 'हिज' हेच उत्तर मानीत. आज 'हिज ऑर हर' आणि 'देअर' हीही उत्तरे मान्य आहेत. एकवचनी अर्थाने 'दे'चा वापर तर इंग्रजी लिखाणात चौदाव्या शतकापासून आढळतो. तेव्हा एकच उत्तर खरे मानणारा प्रश्न येथे काढूच नये हे बरे.

कोणी म्हणेल, बोलताना आपण नेहमीच अशी वाक्ये वापरतो, आणि कोणाचे अडत नाही. खरे आहे. घरात 'त्याने आंबा खाल्ला' म्हटले की तो कोण हे सर्वांना ठाऊक असते, कारण घर आजूबाजूला असते. साल समोर पडलेली असते, आणि एखाद्याचे तोंडही माखलेले असते. चाचणीतल्या वाक्याला घर नसते, शेजार नसतो, मागची गोष्ट नसते, पुढची नसते. ते एकटे कागदावर उभे असते. ज्या वाक्याला कोणाचाच आधार नाही, त्याला आपला अर्थ आपणच सांगता आला पाहिजे.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. उत्तीर्ण झालेल्या मोजक्या तरुणांत महादेव गोविंद रानडे होते. तेव्हापासून इंग्रजीचा पेपर हा आपल्याकडील मुलांच्या भवितव्याचा दरवाजा होऊन बसला. परंतु पूर्वीचा परीक्षक निदान हस्ताक्षर वाचत असे. मुलाने समासात 'येथे ही म्हणजे शाम असे मी मानले आहे' असे लिहिले, तर ते कोणाच्या तरी डोळ्यांखालून जात असे. आज पुष्कळ परीक्षांत चार पर्यायांपैकी एक गोल काळा करावयाचा असतो आणि तो यंत्र तपासते. यंत्रापाशी मधल्या सुट्टीत जाऊन 'टीचर, मला कळलं नाही' असे म्हणता येत नाही.

मग करावे काय? मी माझ्यापुरत्या काही सवयी लावून घेतल्या आहेत. त्या आपणापुढे ठेवते. पेपर लिहून झाला की प्रत्येक सर्वनामावर पेन्सिल ठेवावी आणि विचारावे, 'तू कोणाचा?' दोन नावे उत्तर देऊ लागली, तर एक नाव बदलावे. माझ्या त्या वाक्यात रामाच्या जागी सीता घातली असती, तर वाक्यात 'ही' एकच उरला असता. पुढे प्रत्येक क्रियापदावर पेन्सिल ठेवून विचारावे, 'हे कोणी केले?' उत्तर वाक्यात नसेल, तर ते वाक्यात घालावे किंवा सूचनेत सांगावे. मग तो पेपर उत्तरसूचीवाचून दुसऱ्या विषयाच्या शिक्षकाला सोडवावयास द्यावा. आमचे गणिताचे सर या कामी मला फार उपयोगी पडले आहेत, कारण माझ्या मनात काय आहे ते त्यांना मुळीच ठाऊक नसते. शेवटी, एवढे करूनही दोष राहिलाच, तर दोन्ही उत्तरांना गुण द्यावेत आणि चूक आपली होती हे वर्गात सांगावे.

ही शेवटची सवय सर्वांत अवघड. त्या आठवीच्या वर्गात ती पाळावयास मला आठवडा लागला. त्या आठवड्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ती मुलगी वहीत उत्तर लिहिण्यापूर्वी माझ्या चेहऱ्याकडे पाहू लागली होती. वाक्य काय म्हणते हे पाहणे तिने सोडून दिले होते. टीचरच्या मनात काय आहे हे ती शोधू लागली होती. एका गुणापेक्षा ही हानी फार मोठी होती, आणि ती मी केली होती.

सोमवारी मी ते वाक्य फळ्यावर लिहिले, त्याचे दोन्ही अर्थ समजावून सांगितले, आणि मधल्या सुट्टीत सांगितलेला नियम माझ्या मनाचा होता हे कबूल केले. 'यू' लिहिणारी ती एकटीच नव्हती. पेपर पुन्हा काढल्यावर आणखी काही मुलांचे गुण वाढले. वर्ग थोडा वेळ शांत राहिला. मग मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "टीचर, तिसराच कोणी पास झाला असेल तर?"

त्याला मी बसावयास सांगितले नाही. तो मुलगा वाक्य वाचत होता.